जुनें गाणें, नवें गाणें आणि तबकडी

गेल्या श्रावणांत सदाशिव पेठेंतील एका स्नेह्यांच्या घरीं गाण्याची लहानशी बैठक झाली. मंडळी पंचवीसतीस, बहुतेक पन्नाशी ओलांडलेली, म्हणजे आमच्याच पंक्तींतील. गाणारी मुलगी विशीची. गळा गोड, सूर स्वच्छ, तालाला पक्की. तिनें 'स्वयंवरां'तील रुक्मिणीचें एक पद घेतलें आणि थोड्याच वेळांत बैठक डोलूं लागली. बालगंधर्वांची ती लडिवाळ जागा आली, तिच्यामागून अर्ध्यावर सोडलेली मुरकी आली. फार काय, त्यांनीं जेथें श्वास घेतला आहे तेथेंच तिनेंही घेतला. आमच्या शेजारीं बसलेले एक वृद्ध गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "हुबेहूब! नारायणराव पुढें बसले आहेत!"

आम्हींही मान डोलावली. परंतु पदाच्या अखेरीस एक चमत्कारिक गोष्ट घडली. अंतरा होतांच तिनें एकाएकीं लय चढविली, दोन ताना भराभर उरकल्या आणि ध्रुवपदावर येऊन पद झटकन् संपविलें. एवढी घाई कशाची, हें आम्हांस उमजेना. बाहेर पाऊस होता, कोणास कोठें जावयाचें नव्हतें, यजमानांचा चहाही अद्याप उकळावयाचा होता. घरीं परततांना मात्र उलगडा झाला. ती घाई त्या मुलीची नव्हती, बालगंधर्वांचीही नव्हती. ती तबकडीची होती. जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन मिनिटांच्या आसपासच गाणें मावे. गवई रंगांत येतो न येतो तोंच वेळ भरत येई, आणि मग त्यास मिळेल तेवढ्या जागेंत आटोपतें घ्यावें लागे. शेंकडा वर्षांमागची ही यंत्राची अडचण त्या गुणी मुलीनें गाण्याचा अलंकार समजून इमानेंइतबारें उचलली होती, आणि आम्ही पंचवीसतीस जाणते श्रोते तिला दाद देत होतों.

पुण्यांत जुन्या व नव्या संगीताचा वाद कांहीं नवा नाहीं. एक पक्ष म्हणतो, जुनें तें रागाचें, नवें तें चालीचें. जुनें तें आपलें, नवें तें उसनें. दुसरा म्हणतो, जुन्यांत नुसती कसरत, शब्दांचा चुराडा. भावना काय ती नव्यांतच. दोन्हीं पक्षांचीं माणसें आमच्या स्नेहांतील आहेत आणि आम्हीही आळीपाळीनें दोन्हीं बाजूंनीं भांडलों आहों. परंतु त्या रात्रीपासून आम्हांस असें वाटूं लागलें आहे कीं, ही सीमारेषा दोघांनींही भलत्याच ठिकाणीं आंखली आहे.

ज्यास आपण आज परंपरेचें नाट्यसंगीत म्हणतों तें जन्मलें तेव्हां अगदीं नवें होतें. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं येथल्या आनंदोद्भव नाटकगृहांत अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतला'चे पहिले चार अंक केले. त्या पदांच्या चाली आल्या कोठून? कीर्तनांतल्या साक्या, दिंड्या, कामदा, लावणीचें वळण, कर्नाटकाकडचा ढंग. अण्णासाहेब गुर्लहोसूरचे, दोन्हीं भाषांचें वारें त्यांच्या कानांवरून गेलेलें. त्या काळच्या एखाद्या करड्या ख्यालियाला ही सारी खिचडीच वाटली असती. पुढें १९११ सालीं 'मानापमाना'करितां गोविंदराव टेंबे यांनीं पूरबेकडील ठुमऱ्या-कजऱ्यांच्या धाटणीच्या चाली आणल्या, आणि १९१६ सालीं 'स्वयंवरां'त भास्करबुवा बखल्यांनीं ख्यालाच्या घरंदाज चिजा मराठी शब्दांत उतरविल्या. गाण्यानें नाटक मारलें, ही तक्रार तेव्हांपासून चालू आहे. म्हणजे छत्तीस वर्षांच्या आंत रंगभूमीवरील संगीतानें तीन वेळां कात टाकली. यांतील 'परंपरा' कोणती म्हणावी? कीर्तनाची, पूरबेची, कीं ग्वाल्हेर-आग्ऱ्याची?

तरी या तिहींत एक गोष्ट समान होती. चाल बांधणाऱ्यानें गवयाच्या हातीं दिलेलें पद हें पुरें झालेलें गाणें नव्हतें. पदाची अस्ताई, अंतरा, रागाचा रोख आणि ताल एवढें ठरलेलें. बाकीचें रंगभूमीवर त्या रात्रीं घडावयाचें. गंधर्व नाटक मंडळींत कादरबक्षांची सारंगी, अहमदजान तिरखवांचा तबला आणि ऑर्गन अशी साथ असतां बालगंधर्व एकेका पदास 'वन्समोअर' घेत, आणि प्रत्येक खेपेस तेंच पद थोड्या निराळ्या वाटेनें जाई. आमच्या वडिलांच्या पिढींतील मंडळी ज्या आठवणी सांगत त्या सर्व या निराळेपणाच्या. "त्या दिवशीं मिरजेंत त्यांनीं ती जागा अशी घेतली, पुण्यांत तशी घेतली नव्हती," असा वाद ते जेवणाच्या पंगतींत घालीत. रेकॉर्ड ही त्या दृष्टीनें दुकानाबाहेर लावलेल्या नमुन्याच्या कापडासारखी. ठाण आंत, नाटकगृहांत. पुढें नाटकगृह ओस पडलें, नमुना तेवढा उरला, आणि आज आपण त्या चिंधीवरूनच अंगरखे शिवीत आहों. त्या चिंधीचे उसवलेले कांठसुद्धां आपण जसेच्या तसे उतरवून घेतों, हें त्या श्रावणांतल्या बैठकींत आम्हीं प्रत्यक्ष ऐकलें.

हा विचार घोळत असतांनाच आमचा एक जुना विद्यार्थी, जो नोकरीनिमित्त बँकॉक येथें असतो, सुटींत भेटावयास आला. त्याला गाण्याचा नाद आहे. आम्हीं त्यास हें सर्व सांगितलें, तेव्हां तो हंसून म्हणाला, "सर, हें तर सयामांतलेंच रडगाणें झालें," आणि त्यानें आपल्या मोबाईलवरून आम्हांस तेथील जुनें व नवें संगीत तासभर ऐकविलें. सयाम म्हणजे आतांचें थायलंड. त्या संगीतासंबंधीं आमचें ज्ञान पुस्तकी होतें. कानानें तें प्रथमच आंत शिरलें. वाचकांस त्याची थोडी ओळख करून देणें आवश्यक आहे, कारण पुण्याच्या प्रश्नाचा जो धागा आम्हांस येथें सांपडत नव्हता तो तेथें सांपडला.

तेथल्या दरबारी वाद्यमेळास 'पी-फाट' म्हणतात. यांतील 'पी' म्हणजे सनईच्या जातीचें वाद्य आणि 'फाट' हा आपल्या 'वाद्य' शब्दाचाच अपभ्रंश. त्यांत 'रनात' नांवाचें लांकडी पट्ट्यांचें वाद्य असतें, आणि वेताच्या वर्तुळाकार चौकटींत बसविलेल्या घंटांचें एक मोठें चक्र असतें. वादक त्या चक्राच्या मध्यभागीं बसून भोंवतालच्या घंटा वाजवितो. शिक्षणाच्या आरंभीं व मोठ्या प्रसंगीं गुरुवंदनेचा जो विधि होतो त्यांत विश्वकर्म्याबरोबर 'परगंधर्वा'चेंही आवाहन करतात. आपल्याकडे विष्णु दिगंबरांनीं आपल्या विद्यालयास गंधर्वांचें नांव दिलें, टिळकांनीं एका मुलाचें गाणें ऐकून त्यास बालगंधर्व म्हटलें अशी सर्वश्रुत कथा आहे. आणि तिकडे समुद्रापलीकडे रनात शिकणारा पोरगा त्याच गंधर्वापुढें माथा टेकतो, हें ऐकून आम्हांस मोठा आनंद झाला.

परंतु खरी गोष्ट पुढेंच आहे. या मेळांत मूळ चाल घंटांच्या चक्राकडे असते, आणि ती अगदीं साधी, जवळजवळ हाडाच्या सांपळ्यासारखी. रनातवाला, सनईवाला आणि इतर वादक तीच चाल, परंतु प्रत्येक जण आपापल्या वाद्याच्या धर्माप्रमाणें, आपापल्या गुरूच्या शिकवणुकीप्रमाणें निरनिराळ्या वळणांनीं वाजवितो. या वळणास ते 'थांग' म्हणतात; थांग म्हणजे वाट. एकाच वेळीं दहा माणसें दहा वाटांनीं चालतात आणि ठरलेल्या मुक्कामावर एकत्र येतात. मूळ चालही कधीं दुपटीनें लांबवितात, कधीं अर्ध्यावर आणतात, आणि विलंबित, मध्य व द्रुत असे तिन्ही अवतार एकामागून एक सादर करण्याचा त्यांचा एक मोठा प्रबंध आहे. हें सारें शेंकडों वर्षें कानानें शिकविलें गेलें. मग १९३० च्या दशकांत, ही विद्या लोपेल या काळजीनें, तेथल्या विद्वानांनीं जुन्या चाली युरोपियन पद्धतीच्या स्वरलिपींत लिहून काढावयास आरंभ केला. हेतु उत्तम, काम प्रचंड. परंतु कागदावर एका वादकाची एका दिवसाची वाटच उतरते. जी वाट होती ती रस्ता झाली. आणि रस्ता एकदां बांधला म्हणजे लोक आडवाटेनें जात नाहींत.

त्याच सुमारास तेथें नवें संगीतही आलें. १९३९ सालीं उभा राहिलेला 'सुंतराफोन' हा तेथील अत्यंत लोकप्रिय वाद्यवृंद. नांव ऐकून आम्ही प्रथम गोंधळलों, पण तें आपलें 'सुंदराभरण' आहे! सॅक्सोफोन, तुताऱ्या, पियानो असा सगळा विलायती नृत्यगृहाचा थाट. आणि गंमत अशी कीं त्यांच्या कित्येक गाण्यांच्या चाली जुन्या दरबारी चालींवरूनच घेतलेल्या. एक जुनी चाल आणि तिजवरून केलेलें नवें गाणें आमच्या विद्यार्थ्यानें लागोपाठ ऐकविलें. जुन्या गाण्यांत दोन शब्दांच्या मध्यें गाणारी बाई निरर्थक स्वरांची लांबच लांब वेलांटी घेई; श्रोता पुढच्या शब्दाची वाट पाहत त्या वेलांटीवर झोंके घेतो. नव्या गाण्यांत ती वेलांटी गेली आणि तिच्या प्रत्येक स्वरावर एकेक शब्द येऊन बसला. अशा गाण्यास ते 'भरल्या शब्दांचें' गाणें म्हणतात. आणखी एक फरक कानास जाणवला. जुन्या सयामी वाद्यांचें सप्तक सात जवळजवळ सारख्या भागांत विभागलेलें असतें. लंडनच्या प्रदर्शनाच्या निमित्तानें गेलेल्या सयामी वादकांचीं वाद्यें १८८५ सालीं अलेक्झांडर एलिस यानें तपासून ही गोष्ट युरोपांत प्रथम मांडली. पियानोच्या बारा पट्ट्यांवर तेथली चाल बसविली म्हणजे तिचा चेहरा तोच राहतो, डोळे मात्र बदलतात.

येथें आमचे पेटीविरोधी मित्र टाळी वाजवितील. त्यांस आम्ही एवढेंच सांगूं कीं, पेटीवर सर्व पाप ढकलणें आम्हांस पटत नाहीं. सांगलीच्या कृ. ब. देवलांनीं १९१० च्या सुमारास श्रुतींचें गणित मांडलें, क्लेमंट्स साहेबांच्या साह्यानें श्रुतींची पेटीही घडविली. १९४० सालीं नभोवाणीनें साध्या पेटीस दार लावून घेतलें तें १९७० नंतर किलकिलें झालें. या सर्व खटाटोपामागील तळमळ खरी होती. परंतु बालगंधर्वांचा गळा ऑर्गनच्या पट्ट्यांमधल्या फटींतून हवा तेथें जाऊन येत असे, आणि सारंगी त्याला वाट दाखवीत असे. वाद्य गवयाला बांधून ठेवीत नाहीं. गवई आपण होऊन बांधून घेतो तेव्हांच तो बांधला जातो.

मुद्दा राहिला 'भरल्या शब्दांच्या' गाण्याचा. आपल्याकडे तेंच घडलें, आणि त्याच दशकांत. १९३३ सालच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकांत केशवराव भोळ्यांनीं मोजकीं, शब्दांना जपणारीं पदें दिलीं. जी. एन. जोशी यांच्या रेकॉर्डींनीं भावगीत घरोघर नेलें. गजाननराव वाटव्यांनीं कवींच्या कविता गणेशोत्सवांत पुण्याच्या चौकाचौकांत गाऊन सामान्य माणसाच्या ओठांवर बसविल्या. या गाण्यांत चाल ही संगीतकाराची पुरी केलेली कृति असते. कोणत्या शब्दावर किती थांबावयाचें, कोणत्या अक्षरावर गंधार किंचित् हलवावयाचा, हें त्यानें कवितेचा अर्थ पाहून ठरविलेलें असतें. तेथें गायकानें ताना मारल्या तर तो औचित्यभंग होय. एखाद्या शिल्पास 'मला सुचलें म्हणून' आणखी एक हात जोडण्यासारखें तें होईल. 'गीतरामायणा'चेंच पाहा. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर, आठवड्यामागून आठवडा, पुणें केंद्रावरून माडगूळकरांचीं व फडक्यांचीं तीं छप्पन गीतें ध्वनिक्षेपित झालीं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे भिन्न घडणीचे गळे त्यांत आले. परंतु गाणें कोणाचें म्हणून विचारल्यास उत्तर गायकाचें येत नाहीं, फडक्यांचें येतें. राग त्यांत भरपूर आहेत, आणि तरीही तें नवें संगीत आहे. म्हणून 'रागाचें तें जुनें' हें प्रमेय खोटें ठरतें.

'नवें तें उसनें' हेंही तितकेंच लटकें. प्रभात कंपनीच्या १९३६ सालच्या 'संत तुकारामा'साठीं शांताराम आठवल्यांनीं बीजावर एक अभंग रचला, भोळ्यांनीं त्यास वारकऱ्यांच्या टाळांत मिसळेल अशी चाल दिली, आणि विष्णुपंत पागनीसांच्या मुखीं तो असा शोभला कीं पुष्कळांनीं तो तुकोबांचाच मानला. आजही भजनांत तो त्याच भावनेनें म्हटला जातो. चित्रपटाचें गीत भजनी मंडळांत गेलें, आणि मंडळ्या तें आपापल्या लयींत, आपापल्या ठेक्यावर म्हणूं लागल्या! पुरी झालेली कृति पुनः सैल झाली आणि लोकांची झाली. असें भाग्य फार थोड्या गाण्यांस लाभतें, आणि त्याचें श्रेय केवळ चालीच्या साधेपणास द्यावें कीं आणखी कशास, हें आम्हांस नीट सांगतां येत नाहीं.

तेव्हां भेद हा काळाचा, रागाचा किंवा देशी-विदेशीचा नसून गाणाऱ्याच्या अधिकाराचा आहे. कांहीं गाणें असें असतें कीं त्यांत गाणाऱ्यानें भर घालावी अशीच त्याच्या कर्त्याची अपेक्षा असते. कांहीं असें असतें कीं भर घालणें म्हणजे कर्त्याचा अपमान. भावगीत गाणारा मूळ चालीबरहुकूम गातो तेव्हां तो त्या गाण्याच्या धर्मास जागतो. परंतु 'स्वयंवरां'तील पद रेकॉर्डबरहुकूम गाणारा त्या पदाच्या धर्मास सोडून वागतो, मग तो कितीही सोज्वळ चेहऱ्यानें 'परंपरा जपतों' म्हणो. आज पुण्यांत जुन्या पदांचे जे कार्यक्रम होतात त्यांतील पुष्कळांविषयीं आमची तक्रार ही आहे. तेथें जुनें गाणें नव्याच्या रीतीनें गाइलें जातें, आणि श्रोता त्यास जुनें म्हणून टाळ्या देतो.

याला उत्तर आपल्याच गवयांनीं दिलेलें आहे. कुमार गंधर्वांनीं बालगंधर्वांचीं पदें गाण्याचा जो कार्यक्रम केला त्याचें नांव 'मला उमजलेले बालगंधर्व' असें ठेविलें. या नांवांतील पहिले दोन शब्द आमच्या मतें फार मोलाचे आहेत. कुमारांचा आवाज, त्यांचे स्वरांचे तुटक तेजस्वी फटकारे, त्यांचा मधेंच थबकण्याचा स्वभाव, यांतील कशाचेंही बालगंधर्वांशीं साम्य नाहीं. त्यांचें पद ऐकतांना आरंभीं कान बिचकतो. मग हळूहळू ध्यानांत येतें कीं हा माणूस बालगंधर्वांच्या गळ्याची नक्कल करीत नाहीं, ते ज्या ठिकाणीं उभे राहून पदाकडे पाहत त्या ठिकाणीं जाऊन उभा राहतो आहे. सर्वच पदें साधलीं आहेत असें आम्ही म्हणणार नाहीं. एकदोन ठिकाणीं लाडिकपणा हरवून नुसती बुद्धि उरली आहे. वसंतराव देशपांड्यांचेंही तसेंच. दीनानाथांवर त्यांची भक्ति होती, पण त्या भक्तीनें त्यांस दीनानाथांची रेकॉर्ड बनविलें नाहीं. १९६७ सालीं 'कट्यार काळजांत घुसली' रंगभूमीवर आलें तेव्हां अभिषेकींनीं बांधलेल्या चाली खांसाहेबांच्या भूमिकेंत वसंतराव कधीं कोठें नेतील याचा नेम नसे. हा बेनेमपणा कांहीं जणांस खपत नसे. आम्हांस तोच जुन्या रंगभूमीचा खरा वारसा वाटतो.

एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कुमार आणि वसंतराव हे शतकांत एकदोन. त्या विशीच्या मुलीनें काय करावें? तिनें नक्कल न करावी तर शिकावें कसें? आमचें म्हणणें, नक्कल अवश्य करावी. सयामांतही शिष्य वर्षानुवर्षें गुरूची वाट पाठ करतो. ती बोटांत भिनल्याखेरीज त्यास स्वतःची वाट काढूं देत नाहींत. आपल्या गुरुकुलांत तरी निराळें काय होतें? परंतु नक्कल ही शिकवणीच्या खोलींत शोभते. ती व्यासपीठावर येते आणि तिलाच पारितोषिक मिळतें, याचा दोष मुलीकडे नाहीं. स्पर्धेंत परीक्षकांसमोर मूळ रेकॉर्ड असते व तिच्याशीं ताडून गुण दिले जातात, असें आम्हीं एकाहून अधिक ठिकाणीं पाहिलें आहे; एकदां तर परीक्षकांच्या खुर्चींत बसून आम्हीं स्वतःच तसे गुण दिले आहेत. 'हुबेहूब' ही दाद आपण श्रोते देतों म्हणून गाणारे हुबेहूब गातात.

महिन्याभरानें ती मुलगी आमच्या घरीं आली होती, आमच्या सौभाग्यवतींकडून एक जुनें पुस्तक नेण्यासाठीं. आम्हीं तिला भीत भीत तबकडीच्या घाईची गोष्ट सांगितली. ती प्रथम ओशाळली, मग खळखळून हंसली. तिच्या हें कधीं ध्यानांतच आलें नव्हतें. आम्हीं म्हटलें, तेंच पद म्हण, परंतु घड्याळाकडे पाहूं नको. पेटी नव्हती, तिनें नुसत्या तंबोऱ्यावर सुरुवात केली. अंतऱ्यापर्यंत सारें पूर्ववत् झालें. मग ओळखीची जागा संपली आणि ती अडखळली. दोनदां ध्रुवपदावर परत आली. तिसऱ्या खेपेस तिनें एका साध्या शब्दावर थांबून दोन आवर्तनें कांहींतरी चांचपडलें. एक वळण फसलें, एक चांगलें उतरलें. तें चांगलें कीं फसलेलें याविषयीं घरांत आमचें एकमत झालें नाहीं. सौभाग्यवतींचें म्हणणें, बैठकींतलें गाणें अधिक गोड होतें. आणि तें खरेंच होतें. मुलगी मात्र तंबोरा खालीं ठेवावयास तयार नव्हती. "काका, पुनः एकदां म्हणतें," म्हणून तिनें षड्ज लाविला.